मीठ कमी आहे, हे कोण सांगणार?



‘स्वतःचंच नुकसान करणाऱ्या सवयी’ असा विषय मला दिला आहे. तंबाखू, आळस, उधळपट्टी यांच्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलंय, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही. मला एकाच सवयीबद्दल बोलायचं आहे, कारण तिला आपण वाईट सवय मानतच नाही, चांगलं वळण मानतो. समोर काहीतरी चुकतंय हे दिसत असतं आणि आपण गप्प बसतो. ‘जाऊ दे, कशाला वाईटपणा घ्यायचा.’ ‘त्यांना कळत असेलच की.’ ‘आपण कोण सांगणार?’ परिचारिकांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. हुशार, कष्टाळू, मायाळू मुलींच्या तोंडून मी ही वाक्यं ऐकत आले, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा आला.

घरातलंच बघा. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. बाई अंदाजानं मीठ घालते. पंगत बसते, पहिला भुरका घेणाऱ्याला कळतं की आमटी अळणी आहे. तो काय करतो? पानात डावीकडे वाढलेल्या मिठातली चिमूट हळूच कालवतो आणि जेवू लागतो. शेजारचाही तेच करतो. ‘छान झालंय हं सगळं’ म्हणून मंडळी उठतात. दुसरी पंगत अळणीच जेवते. शेवटी जिनं रांधलं ती घास घेते, तेव्हा तिला कळतं, आणि तोवर पातेलं रिकामं झालेलं असतं. तिनं चाखलं नाही यात तिचा दोष नाही, तिला चाखायची मुभाच नव्हती. पहिल्या घासाला ‘वहिनी, आमटीत मीठ राहिलंय’ असं कुणी म्हटलं असतं, तर तो तिचा पाणउतारा झाला नसता. जे काम तिची जीभ करू शकत नव्हती, ते दुसऱ्याच्या जिभेनं केलं असतं, एवढंच. हे मीठ लक्षात असू द्या. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

अळणी आमटीनं कुणाचा जीव जात नाही. पण २८ डिसेंबर १९७८ ची संध्याकाळ ऐका. अमेरिकेत पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान उतरायच्या बेतात होतं, आत १८९ माणसं होती. चाकं खाली सोडताना मोठा धक्का बसला आणि चाकं नीट बसली की नाही याची शंका आली. कॅप्टन मुरलेला माणूस होता. त्यानं घाई केली नाही. चाकांची तपासणी, प्रवाशांची तयारी, सगळं व्यवस्थित चालू ठेवलं आणि विमान सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. आता इथे कमी पडत चाललेलं मीठ कोणतं होतं? इंधन. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांत गुंतलेलं. इंधनाचे आकडे दिसत होते त्याच्या दोन सहकाऱ्यांना. ते अगदीच गप्प बसले नाहीत, हे मुद्दाम सांगते. आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच कमी होईल, असं फ्लाइट इंजिनिअर म्हणालाही. पण ‘आता उतरलंच पाहिजे, नाहीतर इंजिनं बंद पडतील’ असं रोखठोक वाक्य वेळेत आलं नाही. इंजिनं एकामागून एक बंद पडली. विमानतळ दहा-अकरा किलोमीटरवर असताना विमान कोसळलं. दहा माणसं गेली. इंधनाचे आकडे बघणारा तो फ्लाइट इंजिनिअर त्या दहांतच होता.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे, म्हणून पुन्हा सांगते. गप्प बसणारा, किंवा अर्धवट बोलून थांबणारा, त्याच विमानात बसलेला असतो. वाईटपणा टाळून तो स्वतःला वाचवत नाही. म्हणून मी या सवयीला स्वतःचंच नुकसान करणारी सवय म्हणते. तिच्यामागची भिडस्त माणसं वाईट नसतात, उलट फार चांगली असतात. पण आपल्या भिडेची किंमत आपणच मोजतो, आणि आपल्याबरोबर मागे बसलेलेही मोजतात.

या अपघातानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं एक शिफारस केली. विमानं दुरुस्त करा, दिवे बदला, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कॅप्टनला सहकाऱ्यांचं ऐकून घ्यायला शिकवा, आणि सहकाऱ्यांना ठामपणे बोलायला शिकवा, असं त्यांनी लिहिलं. ऐकणं आणि बोलणं दोन्ही शिकवा! आपल्याकडे लोक म्हणतात, ‘तो स्वभाव असतो, उपजतच लागतो.’ नाही हो. पोहणं जसं शिकवतात तसं हे शिकवता येतं. १९८१ मध्ये त्याच कंपनीनं आपल्या वैमानिकांना हे शिकवायला सुरुवात केली.

आता पोर्टलंडच्याही आधीचा, टेनेरिफचा अपघात. टेनेरिफ म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांतलं एक बेट, तिथल्या विमानतळावरची ही गोष्ट. २७ मार्च १९७७, दाट धुकं, आणि एकाच धावपट्टीवर दोन जम्बो विमानं. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही. त्यांतल्या केएलएम कंपनीच्या विमानाचा कॅप्टन इतका नावाजलेला होता की कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असे. त्यानं उड्डाणासाठी इंजिनांचा जोर वाढवला, तेव्हा सहवैमानिकानं त्याला अडवलं, अजून परवानगी मिळालेली नाही म्हणून. बघा, तो बोलला! कॅप्टन म्हणाला, मला माहीत आहे, विचार त्यांना. आणि पुढच्या एक-दोन मिनिटांत कॅप्टननं पुन्हा तेच केलं, परवानगी नसताना विमान सोडलं. या वेळी सहवैमानिकानं त्याला अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टन ठासून ‘हो’ म्हणाला. फ्लाइट इंजिनिअर पुढे काही बोलला नाही.

एकदा सांगणं तितकं अवघड नसतं, श्रोतेहो. अवघड असतं ते दुसऱ्यांदा सांगणं. एकदा सांगून झिडकारलं गेलं की आपल्याला वाटतं, झालं माझं कर्तव्य. आमटीत मीठ कमी आहे म्हणालो, त्यांना ऐकू गेलं नाही, सोडा. नाही! पुन्हा सांगायचं, आणि पहिल्याहून स्पष्ट. आता कितीतरी रुग्णालयांत हा नियमच शिकवतात: ऐकलं नाही तर निदान दोनदा सांगायचं, आणि तरीही ऐकलं नाही तर वरच्या माणसाला बोलवायचं. हा आगाऊपणा नाही, कामाचा भाग आहे.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, आणि ते सांगताना जीव कळवळतो. २२ मे २०१०, दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथ्यावर, पुढे दरी. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. उतरताना विमान हवं त्याहून फार उंचावर होतं. सहवैमानिकानं तीनदा सांगितलं, उतरू नका, पुन्हा वर घ्या. तीनदा! कॅप्टननं उतरवलंच. १६६ पैकी आठ माणसं वाचली. चौकशी अहवालात एक नोंद आहे: सहवैमानिकानं सांगितलं, पण विमानाचा ताबा स्वतः घेतला नाही, बहुधा त्याला तसा अधिकार देणाऱ्या सूचनाच स्पष्ट नव्हत्या म्हणून. म्हणजे त्या सहवैमानिकाला एकट्याला दोष देऊन भागत नाही. बोलणाऱ्यानं काय करायचं आणि कुठवर जायचं, हे आधीच ठरवून, लिहून द्यावं लागतं. घरात वडील म्हणतात ‘बोल की मोकळेपणानं’, आणि पोरगं बोललं की डोळे वटारतात. मग ते पोरगं कुठून शिकणार?

आणि इथेच वडीलधाऱ्यांशी मला जरा कडक बोलायचं आहे. नम्रता धाकट्यांनी दाखवायची आणि अधिकार थोरल्यांनी गाजवायचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. खरी गरज उलटी आहे. ज्याच्या हातात विमान आहे, रुग्ण आहे, घराचा पैसा आहे, त्याला नम्रता जास्त हवी. १९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सचंच एक डीसी-१० हवेत असताना शेपटातलं इंजिन फुटलं आणि विमान वळवायची सगळी यंत्रणा निकामी झाली. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कॅप्टन होता अल हेन्स. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकानं मदतीला येऊ का, असं विचारलं. हेन्सनं त्याला आत घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करायचं काम दिलं. चौघांनी मिळून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ माणसं वाचली. हेन्स नंतर जागोजागी सांगत असे, त्या केबिनमध्ये आम्हा सगळ्यांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, तो एकट्याच्या अनुभवाहून जास्त होता. आणि पूर्वी शिकवलेलं ते ऐकणं-बोलणं कामी आलं, हेही त्यानं सांगितलं.

शस्त्रक्रियागृहात आम्ही हे उशिरा शिकलो. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी २००८ मध्ये आली. ती तयार करणाऱ्यांचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचं मूळ घराणं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीही होती. आधी १.५ टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीत एक साधी गोष्ट आहे: सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. जिनं एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलं, तिला पुढे ‘सर, थांबा’ म्हणायला जड जात नाही.

आता बोलायचं कसं? हे नीट ऐका. समजा, बाळाला औषध द्यायचंय आणि कागदावरचा डोस मोठ्या माणसाचा पडलाय. भिडस्त सिस्टर म्हणते, ‘सर, हा डोस बरोबर आहे ना?’ सर धावपळीत ‘हो हो’ म्हणून पुढे जातात. त्यांना प्रश्न ऐकू गेला, धोका ऐकू गेला नाही. तीच सिस्टर असं म्हणाली तर? ‘सर, या बाळाचं वजन चार किलो आहे. लिहिलेला डोस मोठ्या माणसाचा आहे. तुम्ही पुन्हा पाहीपर्यंत मी इंजेक्शन भरत नाही.’ यात एक शब्द उद्धट नाही. आवाज चढलेला नाही. पण आकडा आहे, अडचण आहे आणि आपण काय करणार हेही आहे. आकडा हवाच. ‘जरा कमी’, ‘थोडं जास्त’ म्हणू नका, आकडा सांगा.

आणि बोलण्याआधी एक क्षण स्वतःकडे. मीठच कमी आहे ना, की चिंच जास्त झालीय? की माझ्याच तोंडाला चव नाही? हे तपासायला हवंच, नाहीतर उगाच सगळ्यांवर डाफरणारी माणसंही आपण पाहतो, आणि मग कुणी त्यांचं ऐकेनासं होतं. त्यांच्याबद्दल खरं तर वेगळं बोलावं लागेल… आज तेवढा वेळ नाही. पण शंका असेल तर शंका म्हणून सांगा, गिळू नका. ‘माझं चुकत असेल, पण मला अळणी लागतंय, तुम्ही चाखून बघा.’ यात विनयही आला आणि ठामपणाही. आणि ज्याला सांगितलं त्याचा पहिला शब्द असावा ‘थांब, बघू’. ‘तुला काय कळतं’ हा नव्हे.

जामीन राहण्याबद्दलही बोलायचं होतं. नातेवाईकाला नाही कसं म्हणायचं म्हणून न वाचता सही करणारे कितीतरी आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही केली की तुम्हीही त्याच विमानात… पण मला खूण केली जातेय, वेळ संपत आलाय.

तेव्हा एकच विनंती. तुमच्यापैकी ज्यांना या आठवड्यात दवाखान्यात जायचं असेल त्यांनी चिठ्ठी हातात आल्यावर लगेच उठू नये. औषधाचं नाव, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे तिथेच डॉक्टरांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. आधी चालू असलेल्या गोळ्या आणि कशाची ॲलर्जी असेल तर तीही सांगा. नाही समजलं तर पुन्हा विचारा. आणि मागे रांगेत बसलेल्यांनो, त्या माणसाला दोन मिनिटं बोलू द्या.