गवई आणि गुरु : भास्करबुवा बखले



भुसावळाहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बोदवडसारख्या गांवीं एखाद्या मुलाच्या गळ्यांत सूर आहे असें दिसलें, कीं घरांत दोन प्रश्न उभे राहतात : ह्याला शिकवील कोण, आणि गाण्यावर पोट भरेल काय? गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या चरित्रांत ह्या दोहोंचा विचार करण्याजोगें पुष्कळ आहे.

बुवांचा जन्म १८६९ सालीं बडोदें संस्थानांतील कठोर येथें झाला. बालवयांत ते किर्लोस्कर नाटक मंडळींत होते. पुढें आवाज फुटला आणि रंगभूमीवरील महत्त्व सरलें. अशा वेळीं अनेकांचें गाणें कायमचें थांबतें. बुवांनीं मात्र नव्यानें विद्या आरंभिली : बडोद्यास फैज महंमदखां, नंतर आग्रा घराण्याचे नत्थनखां आणि शेवटीं अल्लादियाखां. स्वतःचें नांव झाल्यावर पुन्हां दुसऱ्यासमोर शिष्य म्हणून बसणें सोपें नव्हे. मान आड येतो! पण तीन उस्तादांच्या तीन निराळ्या रीती पचविल्यामुळेंच बुवांना शिष्याचा गळा पाहून तालीम देतां आली असावी, असें मला वाटतें.

पोटाचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. मैफलीची बिदागी आज आहे, उद्यां नाहीं. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजांत त्यांनीं संगीतशिक्षकाची नोकरी केली, आणि १९११ सालीं पुण्यास गायनशाळा काढली. तीच पुढें भारत गायन समाज म्हणून नांवारूपास आली. शाळेंतून सारेच गवई निघत नाहींत, हें खरें. परंतु जाणता श्रोता तरी निघतो, आणि श्रोत्यावांचून गवयाचें चालत नाहीं. गवई घडवावयाचा तर शिष्य जवळच ठेवावा लागतो. मास्टर कृष्णराव असेच घडले.

आतां खानदेशाकडे वळूं. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, लहानपणीं जळगांवीं असतां मेहबूबखां यांजकडे प्राथमिक धडे शिकले. १९०५ सालीं ते किर्लोस्कर मंडळींत गेले आणि पुढें भास्करबुवांच्या तालमींत आले. मोठ्या गुरूचें नांव सर्वतोमुखीं होतें. पहिला सूर लावून देणारा मागें राहतो. बोदवडच्या पालकाची गांठ प्रथम पडावयाची ती अशाच शिक्षकाशीं. तेव्हां त्याची निवड करतांना त्याच्या शिष्यांनाही गावयास सांगावें. शिक्षकाची परीक्षा तेथें होते, त्याच्या स्वतःच्या तानेंत नव्हे.

बुवा १९२२ सालीं पुण्यास निवर्तले. वय अवघें बावन्न. त्यांच्या गळ्याची ध्वनिमुद्रिका आपणांस उपलब्ध नाहीं. समाजाची धुरा पुढें मास्टर कृष्णरावांनीं वाहिली आणि ‘रागसंग्रह’ ह्या पुस्तकमालेंत अनेक चिजा स्वरलिपीसह छापिल्या. १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाचें संगीत बुवांचें. त्यांतील बालगंधर्वांनीं गायिलेलीं पदें मात्र अद्याप ऐकावयास मिळतात. बुवांची तालीम ऐकावयाची तर तेथें ऐकावी.