दसरा काढताना घरातली अडगळही काढू या

(ग्रामसंघाच्या भाद्रपदातल्या मासिक सभेत प्रभाग समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



बचत झाली, परतफेड झाली, रजिस्टर लिहून झालं. आता थोडं घरातलं बोलू. घटस्थापना पंधरा दिवसांवर आली. घरोघरी दसरा काढायला सुरुवात झाली आहे. गोधड्या-वाकळा धुण्याला निघाल्या, डबे घासले, जाळ्या-जळमटं काढली. पण मला एक सांगा, माळ्यावरच्या सामानाचं आपण काय करतो? खाली काढतो, झटकतो आणि परत तिथंच ठेवतो. खरं की नाही? (हशा)

गेल्या वर्षी याच विषयावर मी एका गटात बोलले होते. नवीन नवीन होते. कॉलेजात शिकलेलं डोक्यात होतं. मी म्हटलं, "वर्षभर जी वस्तू वापरली नाही ती सरळ फेकून द्या." मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचं बरं आहे. फेकलेली वस्तू परत लागली तर आणायला पैसे कोण देणार?" मी गप्प झाले. कारण त्यांचं बरोबर होतं. आपल्या घरात तुटक्या बादलीत तुळस लागते, फाटक्या साडीची गोधडी होते, खताच्या रिकाम्या पोत्यात कडबा-कुटी भरली जाते. बोहारीण आली की जुन्या कपड्यांवर स्टीलचा डबा मिळतो. आपण काही टाकत नाही, ही आपली कंजुषी नाही. अडचणीच्या दिवसांतून शिकलेलं ते शहाणपण आहे.

म्हणून आज मी "फेका" म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की घरातल्या प्रत्येक वस्तूला एक जागा हवी आणि एक काम हवं. ज्या वस्तूला जागाही नाही आणि कामही नाही, ती अडगळ. आणि अडगळ नुसती बसून राहत नाही. ती आपल्याला त्रास देते. कसा, ते तीन गोष्टींतून सांगते.

पहिली गोष्ट कागदांची. आपल्याच प्रभागातल्या एका ताईंची ही हकीकत आहे. नाव सांगत नाही, पण सांगायला त्यांची परवानगी आहे. त्यांचे मालक अचानक वारले. घरात दोन मुली, सासूबाई. दिवसकार्याला उसने पैसे काढले. नंतर मोठीच्या शिक्षणासाठी म्हैस विकली. चौदा महिन्यांनी दसरा काढताना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आत जुन्या लग्नपत्रिका, बंद पडलेले मोबाईल, खताच्या पावत्या आणि तळाला मालकांचं बँकेचं पासबुक. त्यात दर वर्षी ४३६ रुपये कापल्याची नोंद होती. ते पैसे कशाचे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताई पासबुक घेऊन गटात आल्या, तेव्हा कळलं की तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा होता. त्यात माणूस गेल्यावर वारसाला २ लाख रुपये मिळतात. मग अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाची कागदं, हेलपाटे. पैसे मिळाले. पण त्या मला म्हणाल्या, "पासबुक तेव्हाच हातात असतं तर माझी म्हैस गेली नसती." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपलं आणि मालकांचं पासबुक भरून घ्यायचं ठरवा. ४३६ रुपये किंवा २० रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. २० रुपयेवाला सुरक्षा विमा अपघाताचा, त्यातही अपघाती मृत्यूला २ लाख आहेत. दोन्ही विमे १ जून ते ३१ मे असे चालतात. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडू शकतो, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट जिवाची. आता सोयाबीनची काढणी होईल, पोती घरात येतील. धान्य आलं की उंदीर येतो आणि उंदरामागं साप येतो. घराच्या कोपऱ्यात पोती, ठिबकच्या जुन्या नळ्या, सरपण, मोडकी खाट असं एकावर एक असलं की त्याला लपायला आयती जागा. मण्यार तर रात्रीच फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. म्हणून पोती भिंतीला चिकटवून नाही, फळीवर वीतभर उंच ठेवायची. सरपण झोपायच्या खोलीत नको, दाराशीही नको. झोपणं खाटेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. आणि कुणाला चावलंच तर मांत्रिकाकडं नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा.

परसातल्या अडगळीचंही तसंच. जुने टायर, फुटके माठ, कूलरची रिकामी पेटी, नारळाच्या करवंट्या. पावसाचं पाणी साठलं की डेंग्यूचा डास तिथंच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवीन डास उडायला लागतो. आरोग्य सेविका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, ते यासाठीच.

तिसरी गोष्ट विषाची. तणनाशकाच्या, कीटकनाशकाच्या अर्ध्या बाटल्या कुठं असतात? खिडकीत, कोनाड्यात, कधी कधी चुलीमागच्या फळीवर. काही घरांत तर औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. लेकराला काय कळतं? तहान लागली की बाटली तोंडाला. औषध त्याच्या मूळ बाटलीतच, कुलूप लावलेल्या पेटीत, स्वयंपाकघराबाहेर ठेवा. बाटली रिकामी झाली की तीनदा विसळायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी तेल-पाणी भरणार नाही. जाळायची तर मुळीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं कळतं, पण घर काय माझ्या एकटीचं आहे? सासऱ्यांचे कुळवाचे तुकडे, मालकांचा बिघडलेला पंप, दिराचा बंद टीव्ही, पोराच्या जुन्या वह्या, लग्नाकार्यातला टॉवेल-टोपी अन् ब्लाऊजपीसचा आहेर. वस्तू सगळ्यांच्या आणि आवरायची एकीनं. आवरताना एखादी वस्तू टाकली तर "माझी वस्तू कुठं गेली" म्हणून बोलणीही तिनंच खायची.

याला उपाय आपल्याकडंच आहे. गटात आपण काय करतो? दहा जणींचा पैसा एकीच्या मनानं वाटत नाही. बैठक घेतो, बोलतो, ठरवतो, लिहितो. घरातही तेच करा. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवा. सासूबाईंना, मालकांना, पोरांनाही. वस्तू मधे काढा आणि चार ढीग करा. रोज लागणारं. हंगामात लागणारं. दुरुस्त करायचं. आणि देऊन टाकायचं किंवा विकायचं. दुरुस्तीच्या ढिगाला तारीख द्या, "दिवाळीपर्यंत." दिवाळीपर्यंत पंप दुरुस्त झाला नाही, तर तो भंगारात. ज्याची वस्तू त्यानंच ठरवायचं आणि ज्याची वस्तू त्यानंच तिची जागा लावायची. सासूबाईंचा पितळी हंडा आठवणीचा असेल तर राहू द्या. आठवण हेसुद्धा कामच आहे. पण तो उजेडात ठेवा, घासून ठेवा.

भंगारवाला आला की घरच्या किंवा दुकानातल्या काट्यावर आधी वजन करून ठेवा, मग त्याच्या काट्यावर चढवा. आणि आलेले पैसे कुठं जातील तेही आधीच ठरवा. आवरलं तुम्ही, तर ते पैसे तुमच्या बचतीत जायला काय हरकत आहे? (टाळ्या)

शेवटी एक काम देते. मोठं नाही. पुढच्या सभेपर्यंत प्रत्येकीनं कागदांची एक पिशवी करायची. जाड प्लास्टिकची, चेन असलेली. तिच्यात आधार, रेशनकार्ड, सगळ्यांची पासबुकं, गटाचं पासबुक, सातबारा आणि आठ-अ, घरपट्टीची पावती, मुलांचे जन्माचे आणि जातीचे दाखले, विम्याची कागदं. पिशवी कुठं टांगली आहे ते घरातल्या आणखी दोघांना माहीत पाहिजे. त्यातली एक घरातली दुसरी बाई असावी. लेक असो, सून असो, सासू असो.

पुढच्या महिन्यात हजेरी घेताना मी प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारणार आहे. पिशवी झाली का? आणि तिच्यात असं काय सापडलं, जे घरात आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं?

एवढं बोलून थांबते. सर्वांना दसऱ्याच्या आधीच शुभेच्छा.