म्हात्रे पुलाची आठवण
(वेरूळ येथे दिलेले व्याख्यान)



पुण्यातील म्हात्रे पुलावरून रोज सहस्रावधी लोक जातात. तो कोणाच्या स्मृतीचा, हे थोड्यांनाच ठाऊक असते. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीतील अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ने त्यांचे अपहरण केले, तिहारमधील मकबूल बटची सुटका आणि खंडणी मागितली आणि अल्पावधीतच त्यांची हत्या केली. ११ फेब्रुवारीस बटला फाशी झाली.

हे बर्मिंगहॅममध्येच का घडले? १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या मंगला धरणाने पाकव्याप्त मीरपूर भागातील सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यांतील अनेक ब्रिटनमध्ये स्थिरावले. तेथेच १९७७ साली जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट स्थापन झाली. घरे बुडविली पाकिस्तानच्या धरणाने, शस्त्र रोखले गेले भारतावर! पुढच्याच वर्षी कॅनडातील खलिस्तानवाद्यांनी ‘कनिष्क’ विमानात बॉम्ब ठेवला. ३२९ जीव गेले.

दोष समस्त मीरपुरींचा वा शिखांचा नव्हे. तो स्थलांतरिताच्या दुःखाचे भांडवल करणाऱ्या मूठभरांचा. परदेशी सुरक्षित राहून चिथावणी देणे सोपे. मोल मात्र इतरांच्या रक्ताने चुकते होते.

याच वेरूळच्या भोसल्यांची एक शाखा तंजावरास गेली. तिने मराठी जपली आणि तमिळ, तेलुगू विद्येसही आश्रय दिला. मूळ भूमीची ओढ अशीही जपता येते. म्हात्रे पूल ओलांडताना एवढे स्मरावे.