खेळाआधीचा ‘तातू’
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला न्यूझीलंडमधील अनुभव सांगण्याची आज्ञा केली आहे. तिथले डोंगर, सरोवरे आणि मेंढ्या यांची वर्णने तुम्ही पुष्कळ वाचली असतील. मी आज सांगणार आहे ते एका खेळाविषयी. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पदर खोचून मी तो खेळ शिकले!

2019 च्या फेब्रुवारीत मी हॅमिल्टनला मुलाकडे गेले. खरे सांगायचे तर पहिला महिना सुखाचा गेला नाही. घर सुनेचे, स्वयंपाकघर सुनेचे आणि सवयी माझ्या! नातवाचा डबा कोणी भरायचा, त्याला गोष्ट सांगत भरवायचे की त्याने आपल्या हाताने जेवायचे, यावरून रोज काही ना काही होई. भांडण नव्हे, अबोला. परतीचे तिकीट अलीकडे आणावे, असेही मनात येऊन गेले.

अशात नातवाच्या शाळेतून निरोप आला. दर शनिवारी घरच्या मंडळींनी यावे, ‘की-ओ-राही’ नावाचा माओरी खेळ शिकवणार आहेत. मुलगा-सून कामावर, तेव्हा मलाच जावे लागले. वाटेत मी नातवाला म्हणाले, “अभ्यास सोडून हे रानटी खेळ कशाला रे?” तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “आजी, फाएआसमोर असं बोलू नकोस हं.”

फाएआ म्हणजे तिथल्या माओरी बाई. शिक्षिकेला मुले आदराने अशी हाक मारतात. आपण मावशी म्हणावे तशी. माझ्याच वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले की, शाळेत माओरी बोलली म्हणून त्यांच्या आईने छड्या खाल्ल्या होत्या. 1867 च्या कायद्याने माओरी गावांत सरकारी शाळा आल्या, त्या इंग्रजीच्या. माओरीला राजभाषेचा मान मिळायला 1987 साल उजाडले. मधल्या काळात भाषेबरोबर कितीतरी खेळही मागे पडले होते. ते आता पुन्हा शाळांतून शिकवतात. ऐकताना मला वाटेतले माझे शब्द आठवले आणि मान खाली गेली.

त्यांनी प्रथम आम्हाला चेंडू विणायला बसवले. चेंडूला म्हणतात ‘की’. हाराकेके नावाच्या लांब, चिवट पानांचा तो विणतात. पाने तोडण्याचीही रीत आहे. मधला कोंब म्हणजे मूल, त्याच्या दोन्ही बाजूंची पाने म्हणजे आईबाप. त्यांना हात लावायचा नाही. बाहेरची जुनी पाने म्हणजे आजी-आजोबा, तेवढीच घ्यायची. म्हणजे तिथेही कामाला यायचे ते आपणच!

मैदान मात्र मोठे गमतीचे. एकात एक वर्तुळे, एखादी रांगोळी काढावी तशी. मध्यभागी पिंपासारखे एक लक्ष्य, त्याला म्हणतात ‘तुपू’. (मला मेलीला तूपच आठवले!) बाहेरच्या कडेने खांब. एक पक्ष ‘कीओमा’. त्याने चेंडू घेऊन खांबांना शिवायचे आणि मग आतल्या ‘पावेरो’ नावाच्या पट्ट्यात चेंडू आणून टेकवायचा. दुसरा पक्ष ‘तानिफा’. त्याने चेंडू फेकून तुपूवर मारायचा. मग बाजू बदलतात. कमरेला कापडी फिती खोचलेल्या असतात. प्रतिपक्षाने फीत ओढली की हातातला चेंडू सोडावा लागतो.

पण भगिनींनो, मला सर्वांत नवल वाटले ते खेळाच्या आधीचे. या खेळाचे नियम गावोगाव वेगळे. म्हणून खेळण्यापूर्वी दोन्ही पक्ष एकत्र बसतात आणि आज कोणते नियम पाळायचे ते ठरवतात. याला म्हणतात ‘तातू’. आमच्या तातूत एक मुलगी म्हणाली, “आजींची फीत ओढण्याआधी पाच आकडे मोजायचे.” त्याबदली दुसऱ्या पक्षाच्या लहान मुलांना तुपूच्या जवळून चेंडू फेकण्याची मुभा मिळाली. मी म्हटले, “मला सवलत नको.” फाएआ म्हणाल्या, “ही सवलत नाही. दोघांनी कबूल केलं की तो नियम.”

पहिल्या डावात मी तीन खांबांना शिवले. धाप लागली, पण आनंद काय सांगू! तेवढ्यात फीत गेली. “तीन झाले ना रे?” मी नातवाला विचारले. “नाही आजी. आत आणलं नाहीस, म्हणून शून्य!” शेवटच्या डावात मात्र मी एकाच खांबाला शिवले आणि तडक आत धावले. एक गुण! तो माझा साऱ्या मुक्कामातला एकुलता एक गुण.

त्याच आठवड्यात घरी पुन्हा डब्यावरून शांतता पसरली. नातू ताटावरून मान वर करून म्हणाला, “आई, आजी, तुमचा तातू झालाच नाही ना!”

सूनबाई हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. म्हणाली, “आई, तुम्ही डबा भरायला घेता ना, तेव्हा मला वाटतं, मला जमत नाही असंच तुम्हाला म्हणायचंय.” आणि मी समजत होते की तिला माझ्या हातचे आवडत नाही! बसलो तिघे. सोमवार ते बुधवार डबा तिचा, पुढचे दोन दिवस माझा. जेवण त्याने आपल्या हाताने करायचे. गोष्ट रात्री झोपताना, आणि ती मराठीतूनच. यातले दोन नियम आठवड्यात मोडले, त्यातला एक मीच मोडला. पुन्हा बसलो. तिकीट मात्र अलीकडे आणले नाही.

आपल्याकडे लंगडी, खो-खो आहेत, भोंडल्याची गाणी आहेत. ती आपण आपल्या मुलींना शिकवतो का, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. आणि आपल्या मंडळात कार्यक्रमाचे नियम कधी कधी अर्ध्या डावात बदलतात, हे मी कोणाला उद्देशून म्हणत नाही हो!

आज चहापानानंतर मागच्या अंगणात लंगडीचा डाव मांडायचा माझा बेत आहे. गुडघेदुखीवाल्यांनी सबब सांगू नये. आधी पाच मिनिटे तातू करू, त्यांच्यासाठीही नियम निघेल.