अतिसंवाहक तारेंतील खळबळ

नागपुरांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हांही येथील रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्राच्या पोटांत उणें २६९ अंशांच्या आसपासची थंडी राखलेली असते. द्रवरूप हेलियमच्या त्या थंडींत नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार स्थिर विद्युत्प्रवाहाला कांहींच विरोध करीत नाहीं. हा चमत्कार १९११ सालीं हॉलंडांतील लायडन येथें कॅमरलिंग ओनेस यांनीं पाऱ्यांत प्रथम पाहिला. अशा तारेस अतिसंवाहक तार म्हणतात. तिच्या वेटोळ्यांत एकदां सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षें फिरत राहतो.

तर मग ही तार अगदीं शांत असेल, असें कोणासही वाटेल. रोग्याला यंत्रांत जो ठकठकाट ऐकूं येतो, तो तिचा नव्हेच. तो तांब्याच्या निराळ्या वेटोळ्यांचा. परंतु हिच्याही अंतरंगांत एक खळबळ असते. ती कानांना कळत नाहीं, चुंबकमापक उपकरणाला कळते.

प्रबळ चुंबकीय क्षेत्र या तारेंत सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपानें शिरतें. धातूंतील दोष त्या भोवऱ्यांना जागच्या जागीं अडकवून धरतात, आणि त्यामुळेंच तार मोठा प्रवाह वाहूं शकते. संत्र्यांच्या बाजारांतील रास डोळ्यांपुढें आणावी. वर फळें पडत राहिलीं, तरी कांहीं वेळ ती स्थिर असते. मग एक संत्रें निसटतें आणि त्याबरोबर दहावीस घरंगळतात. चुंबकांत प्रवाह भरतांना भोवरेही असेच झुंडीनें सरकतात, व दर वेळीं उपकरणांत क्षीण स्पंद उमटतो. हाच चुंबकीय कोलाहल होय.

लहान घसरण निरुपद्रवी असते. परंतु सरकण्यानें उष्णता निघते, उष्णतेनें पकड सैल होते, आणि आणखी भोवरे सुटतात. हें वाढत गेल्यास तारेचा गुण क्षणांत लोपतो, आणि मोलाचा हेलियम वायुरूप होऊन, सुमारें ७०० पट फुगून, नळीवाटे निघून जातो.

यावर उपाय बागाइतदाराच्या शहाणपणाचा आहे. एकच मोठी रास न रचतां फळें लहान टोपल्यांत ठेवावीं! म्हणून एका जाड तारेऐवजीं केसासारखे बारीक अनेक तंतू तांब्यांत बसवितात. त्यामुळें घसरण लहान राहते, आणि तांबें उष्णता वाहून नेतें. तंतूंना पीळही देतात. एरवीं बदलत्या क्षेत्रांत ते तांब्यांतून जोडले जाऊन पुन्हां एका जाड तारेसारखे वागतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत अशा बहुतंतु तारा तयार करण्यांत आल्या आहेत.

यंत्रांत निजलेल्या रोग्याला यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. परंतु त्याच्या मेंदूंतील गांठ स्पष्ट दिसावयाची, तर चुंबकीय क्षेत्र ढळतां कामा नये. आणि तें न ढळावें याची तजवीज त्या पिळदार तंतूंत आधींच केलेली असते.