पहिली पाच मिनिटे आणि मंडपातले दिवे

(गेल्या गणेशोत्सवात जामसांवली येथे चित्रपट सुरू होण्यापूर्वी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही सिनेमावाला नाही. चाळीस वर्षं लग्नं-मुंजींचे फोटो काढले, पुढे व्हिडिओ शूटिंग केलं. नवरदेवाच्या तोंडावर हॅलोजन मारायचा आणि त्यानं डोळे मिचकावायचे, एवढंच माझं प्रकाशशास्त्र. पण त्या धंद्यात एक गोष्ट नीट कळली. दिवा कुठं आहे आणि कॅमेरा कुठं उभा आहे, यावर पाहणाऱ्याला माणूस कसा दिसेल ते ठरतं. चित्रपटाच्या सुरुवातीला तर याचं फारच महत्त्व. तेव्हा गोष्ट माहीत नसते, माणसं ओळखीची झालेली नसतात. कुठं पाहायचं, किती जवळून पाहायचं, हे उजेड आणि कॅमेराच आपल्याला सांगत असतात.

आपल्या इथल्या हनुमंताचंच पाहा ना. बहुतेक गावांत मारुती उभा असतो. दर्शन घेताना नजर पायांपासून मुखाकडे वर चढते. कॅमेरावाले त्याला टिल्ट म्हणतात. आपला हनुमंत पहुडलेला. नजर आडवी सरकत जाते. तो झाला पॅन. देव तोच, पण उभ्या मूर्तीसमोर आपण छाती भरून जयजयकार करतो आणि इथं आवाज आपसूक खाली येतो. निदान माझा तरी येतो.

आता दादासाहेब फाळके. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. सुरुवातीला राजा राजपुत्राला धनुर्विद्या शिकवतो आहे. राजपुत्राच्या भूमिकेत फाळक्यांचाच मुलगा, कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. कॅमेरा एका जागी रोवलेला, नाटकाला पुढच्या रांगेत बसल्यासारखा. विजेच्या दिव्यांची सोय नव्हती, म्हणून दादरला बंगल्याच्या आवारात सेट उभारून उन्हातच चित्रण केलं. महालाच्या आतल्या प्रसंगालाही दिवा एकच, सूर्यनारायण. ढग आला की काम थांबत असणार. आम्हा फोटोवाल्यांना ते दुःख सांगायला नको.

‘संत तुकाराम’ १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. आरंभी विष्णुपंत पागनीस तुकोबा होऊन अभंग गात बसले आहेत. कॅमेरा त्यांच्यासमोर गप्प बसल्यासारखा, कसली घाई नाही. मग एकदम सालोमालो! तोच अभंग, स्वतःच्या नावावर खपवलेला, हातवारे करत, ताना घेत. खरा कोण आणि चोर कोण हे कुणीही तोंडानं सांगत नाही. आधी आपल्याला तुकोबांपाशी निवांत बसवलं, म्हणून दुसऱ्याचा दिखाऊपणा लगेच डोळ्यांत खुपतो. हाच प्रसंग उलट्या क्रमानं दाखवला असता, तर सालोमालो आपल्याला बरा गवई वाटला असता.

आणि आता आजचा चित्रपट. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, छायाचित्रण विक्रम अमलाडी यांचं. आदल्या वर्षी याच मंडपात आपण तो दाखवला होता. आरती लांबली, प्रसाद वाटणं चालू होतं आणि तेवढ्यात चित्रपट सुरू केला. ट्यूबलाइट चालू, झालर चालू. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे. मंडप सुन्न झाला. नंतर आठवीतल्या एका पोरीला मी विचारलं, “बाई, सुरुवातीला तो पोरगा काय करत होता गं?” ती म्हणाली, “पळत होता, काका.” कशामागं? ते तिला दिसलंच नव्हतं.

तो काळ्या चिमणीमागं होता. हातात गलोल, भोवती काटेरी झुडपं, रखरखीत माळ, आणि त्यात एवढीशी काळी चिमणी. तिची राख शालूवर टाकली की शालू आपली होईल, या आशेवर तो फिरतो. पहिल्या प्रसंगात आपणही त्याच्याबरोबर तिला शोधतो. त्याच्या बाजूनं पाहायला लागतो. शेवटी तोच पोरगा आपल्यावर दगड उगारतो. पहिली चिमणी ज्याला दिसली नाही, त्याला तो दगड निम्माच लागतो.

यात चूक माझी होती. बटणं माझ्या खुर्चीमागच्या खांबावर होती आणि मी हातात प्रसादाची द्रोणी घेऊन बसलो होतो.

एक साधी गोष्ट सांगतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर काळं म्हणून दिसतं ते म्हणजे उजेड न पडलेलं पांढरं कापड. त्यावर झालरीचा उजेड पडला की काळं करडं होतं, आणि करड्या झुडपात करडी चिमणी कुणाला दिसणार? शिवाय उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्याला सरावायला वेळ लागतो. पाचेक मिनिटं तरी द्यावीत.

म्हणून आज मंडळाला विनंती केली आहे की प्रसाद आधी, चित्रपट नंतर. ज्यांना चहा घ्यायचा असेल त्यांनी आत्ताच घ्या. लहान मुलांना पुढं बसवा, मोबाइल पालथे ठेवा. त्यांचाही उजेड लागतो. बाप्पाची समई तेवढी राहू द्या, ती पडद्याच्या बाजूला आहे, तिचा त्रास नाही.

या वर्षी मी खांबाजवळच उभा राहतो. झालर बंद करतोय हं.