आजीचा नाच आणि आजीचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आम्ही एका आजीविषयी बोलणार आहोत. ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतली आहे, दीडशे वर्षांपूर्वीची आहे. पण शेतकऱ्याच्या घरातली आहे, म्हणून तिची ओळख पटायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

नांगर न लागलेल्या मुलखात जाऊन पहिली वस्ती करणाऱ्यांना अमेरिकेत पायोनियर म्हणतात. जंगल तोडायचे, ओंडक्यांचे घर बांधायचे, माळ फोडून पेरायचा. त्या दिवसांची हौस तिथल्या आज्यांना फार. गोधड्या कशा शिवल्या, लोणी कसे काढले, बर्फ वितळला की परसात पहिले बी कसे टाकले, हे नातवंडांना सांगताना त्यांचा चेहरा खुलतो. आपल्या आज्या जात्याच्या आणि मोटेच्या गोष्टी सांगतात, तसेच हे.

या गोष्टी जगभर पोहोचवल्या लॉरा इंगल्स वाइल्डर या शेतकरी बाईने. जन्म १८६७चा, विस्कॉन्सिनच्या जंगलातला. पहिले पुस्तक १९३२ साली आले तेव्हा ती ६५ वर्षांची, म्हणजे आजीच्याच वयाची होती. त्या पुस्तकात, आठवणींवरून लिहिलेला, तिच्या आजीच्या घरचा एक प्रसंग आहे. तो तुम्हाला सांगतो.

तिकडे वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचा काळ. रात्री गोठवणारी थंडी, दिवसा ऊन. असे हवामान असले की मेपल नावाच्या झाडात गोड रस चढतो. खोडाला भोक पाडायचे, लाकडी पन्हळ बसवायची, खाली बादली टांगायची. हा रस उसाच्या रसाइतका गोड नसतो. साधारण ४० लिटर आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. गुऱ्हाळ चालवणाऱ्याला सांगायला नको, यात सरपण किती जाते आणि माणूस किती राबतो.

त्या वर्षी वसंत लागल्यावर पुन्हा बर्फ पडला. थंडी लांबली की झाडाला पालवी उशिरा फुटते आणि रस जास्त दिवस मिळतो. म्हणून अशा बर्फाला ते लोक साखरेचा बर्फ म्हणत. आजोबांना वर्षाची साखर घरीच करता येणार होती. शिकारीची कातडी देऊन दुकानातून साखर घेण्याची फारशी गरज राहणार नव्हती. या आनंदात लेकी, सुना, नातवंडे, शेजारी सगळे जमले. सारंगीसारखे वाद्य वाजू लागले, नाच सुरू झाला.

आणि आजी कुठे होती? स्वयंपाकघरात, पितळेच्या मोठ्या पातेल्यात पाक ढवळत. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी गुळव्या असतो, तिथे ती होती. मुलाने डिवचले तशी ती बाहेर आली आणि त्याच्याशी पैजेने नाचली. तरणाबांड मुलगा दमून थांबला, म्हातारी थांबली नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नंतर ती पुन्हा चुलीशी. पाक तयार झाला तशी पोरे ताटल्यांत बर्फ भरून आली. आजीने त्यावर गरम पाक ओतला, की त्याची गोळी होई. पोटभर खा, कुणी नको म्हणणार नव्हते.

मायबहिणींनो, त्या आजीने हा दिवस जन्मभर आठवला असेल तर तिला भाबडी म्हणता येईल का? मुळीच नाही. घर भरलेले, पोरे गोड खाऊन तृप्त, आणि एकदा का होईना तिला चुलीपासून दूर होऊन जिंकता आले. हे सुख खरे आहे.

पण याच घराण्याचा हिशेब पुढे वाचा. १८६९च्या सुमारास लॉराचे वडील कॅन्सस मुलखात गेले. ती जमीन ओसेज या तिथल्या मूळ रहिवाशांची होती. दोन वर्षांत घर सोडून परतावे लागले. मिनेसोटात १८७५ साली टोळधाडीने उभा गहू खाल्ला. १८७६ साली लॉराचा तान्हा भाऊ गेला. १८७९ साली मोठ्या बहिणीची दृष्टी गेली. लॉराच्या स्वतःच्या संसारात दुष्काळ आला, कर्ज आले. १८८९ साली तिचे काही दिवसांचे मूल दगावले आणि त्याच महिन्यात घर जळाले. १८९४ साली नवराबायको डाकोटा सोडून मिझुरीत गेले आणि जेमतेम १०० डॉलरच्या जोरावर ४० एकर खडकाळ जमीन घेतली. तिथे बस्तान बसायला पुढची वीस वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे, अट पाच वर्षे राहून कसण्याची. हा हक्क एकट्या बाईला होता, विधवेला होता. पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला सहसा आपल्या नावे जमीन मागता येत नसे. पाक ढवळायला दोन्ही हात तिचे, कागदावर नाव एकाचेच. ही तऱ्हा तुम्हाला ओळखीची वाटत असेल.

हे सगळे आम्ही का सांगतो आहोत? शहरातली मंडळी हुरडा खायला येतात, दोन घटका बसतात आणि म्हणतात, काय सुखी माणसे ही, यांना कशाला हवा पैसा! आजीच्या आठवणीचा असा वापर होऊ देऊ नका. गोडी साखरेची होती, गरिबीची नव्हती. नातवंडांनी भरलेले घर आजीला हवे होते, टोळधाड नको होती. तिची आवड जपायची असेल तर तिच्या घरात चार पैसे शिल्लक राहिले पाहिजेत, म्हणजे नाचायला सवड मिळेल.

लॉराला हे पक्के कळले होते. ती कोंबड्या पाळण्यात तरबेज. शेतकऱ्यांच्या मेळाव्यासाठी तिने लिहून दिलेले भाषण १९११ साली 'मिझुरी रुरलिस्ट' या शेतीपत्रात छापून आले आणि पुढे अनेक वर्षे ती तिथे शेतकरी बाईच्या नजरेतून लिहीत राहिली. गावच्या शेतीकर्ज संस्थेची चिटणीस आणि खजिनदार म्हणून तिने कर्जाचे कागदही सांभाळले. वसंतातल्या नाचाची गोष्ट लिहिणारी बाई खतावणीही लिहीत होती. दोन्ही एकाच हाताने.

तेव्हा बैठकीहून घरी गेलात की आजीजवळ बसा. तिला तिच्या चैत्राविषयी विचारा. कैरीची डाळ, पन्हे, अंगणातली वाळवणे, सगळे सांगू द्या, मध्ये तोडू नका. मग हळूच विचारा, आजी, त्या साली माल काय भावाने गेला? सावकाराला किती दिले? सातबारावर तुझे नाव कधी लागले का? ती जे सांगेल ते वहीत उतरवा आणि पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आम्ही ती इथे वाचून दाखवू.